सोंगाड्याला परवाना कोणाचा?

मंडाले म्हटलं की मराठी माणसाला टिळकांचा तुरुंग आठवतो. त्याच गावात पार पार ले, त्याचा भाऊ लू मॉ आणि त्यांचा चुलतभाऊ लू झॉ असे तिघे 'मिशाळ भाऊ' या नावाने खेळ करत. खेळ आपल्या तमाशाच्या जवळचा: नाचणारी बाई, गाणी, आणि तिच्या बाजूला उभं राहून फिरक्या घेणारे सोंगाडे. पार पार ले याच्या नावावर सांगितला जाणारा एक विनोद असा. ब्रह्मदेशी माणूस दात दुखतो म्हणून थेट भारतात येतो. डॉक्टर विचारतो, तुमच्याकडे दातांचे डॉक्टर नाहीत का? तो म्हणतो, आहेत की, पण तिथे तोंड उघडायची सोय नाही.

४ जानेवारी १९९६ ला, म्हणजे तिथल्या स्वातंत्र्यदिनी, या मंडळींनी रंगूनला लोकशाहीवादी नेत्या आंग सान सू ची यांच्या घरी खेळ केला आणि लष्करी राजवटीची टर उडवली. पार पार ले आणि लू झॉ यांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. २००१ मध्ये ते सुटले. सुटल्यावर त्यांना आपल्या लोकांसमोर खेळ करायला बंदी होती. मग मंडालेतल्या घराच्या पुढच्या खोलीतच ते परदेशी पर्यटकांसाठी खेळ करू लागले, इंग्रजीत. हे मात्र राजवटीने बहुतांशी चालू दिलं. माणसं तीच, टिंगलही तीच, पण समोर बसलेला प्रेक्षक उद्या विमानात बसून जाणार होता. कोणता विनोद धोक्याचा, हे ठरवताना लष्कराने शब्दांपेक्षा ऐकणाऱ्यांकडे पाहिलं. समीक्षकांपेक्षा त्या जनरलांना विनोदाची जाण अधिक होती असं मला वाटतं.

हसण्याने समाज बदलतो, विदूषक सत्तेला आरसा दाखवतो, ही वाक्यं आपण फार सैल हाताने वापरतो. जगभर विदूषक आहेत आणि जगभर राजेही सुखाने नांदत आले आहेत. दरबारात मस्करी करणाऱ्याला ठेवून घेणारा राजा मस्करीने खचत नाही, उलट 'किती उदार' म्हणून मिरवतो. म्हणून विदूषक काय बोलला यापेक्षा त्याला बोलायचा परवाना कोणी दिला हे आधी विचारावं. तो वरून आला असेल, तर विदूषक बहुधा दागिना होतो. खालून आला असेल, म्हणजे ज्यांच्याकडे देण्यासारखं दुसरं काही नाही अशांनी दिला असेल, तर काहीतरी हलण्याची शक्यता असते.

आपल्याकडचा जुना विदूषक पाहा. नाट्यशास्त्राने त्याला दातपुढा, टकला, कुबडा, वेडावाकडा रंगवला. जातीने ब्राह्मण, पण बोलायचं प्राकृतात. हातात वाकडी काठी, डोक्यात मोदक. शाकुंतलातला माढव्य राजाच्या शिकारीला वैतागतो, मृच्छकटिकातला मैत्रेय कफल्लक झालेल्या चारुदत्ताची साथ सोडत नाही. ही पात्रं मला फार आवडतात. पण ती राजाच्या किंवा श्रीमंताच्या मित्राची पात्रं आहेत. ब्राह्मणाच्या खादाडपणावर ब्राह्मणाने, राजाश्रयाखाली, जाणत्या रसिकांपुढे केलेली थट्टा. भवभूतीने आपल्या तिन्ही नाटकांत विदूषक वगळला, तरी कोणाचं काही अडलं नाही.

केरळच्या कूडियाट्टममध्ये, म्हणजे देवळात होणाऱ्या संस्कृत नाटकात, हाच विदूषक बराच धीट झाला. बाकीची पात्रं संस्कृतात बोलत असताना तो मल्याळममध्ये बोलतो आणि धर्म, अर्थ, काम, मोक्ष या चार पुरुषार्थांच्या जागी आपले चार मांडतो. त्यांत अशन म्हणजे खाणं आहे, वंचना म्हणजे फसवणूक आहे आणि राजसेवाही आहे. राजाची चाकरी आणि फसवणूक एका रांगेत बसवायची, तीही राजा समोर असताना! विदूषक करणाऱ्या चाक्याराने कोणालाही टोमणा मारावा आणि ऐकणाऱ्याने निमूट ऐकून घ्यावं असा संकेत होता. पण हे सगळं देवळाच्या कूत्तंबलमात, तिथल्या नाट्यगृहात, म्हणजे ज्यांना देवळात शिरता येत होतं त्यांच्यापुरतं. ज्यांच्या जिवावर ती राजसेवा चालत होती ते भिंतीबाहेर होते, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा खेळ भिंतीबाहेर आला नाही. अठराव्या शतकात कुंजन नंबियार यांनी तुळ्ळल हा नाचगाण्याचा खेळ रचला, सोप्या मल्याळममध्ये, सगळ्यांना समजेल असा. दंतकथा सांगते की साथीला बसलेल्या नंबियारांना डुलकी लागली, चाक्याराने सर्वांदेखत त्यांची खिल्ली उडवली आणि त्या रागातून तुळ्ळल जन्मलं. दंतकथा खरी असो-नसो, दिशा बरोबर सांगते: खिल्लीचा विषय झालेला माणूस उठून स्वतः खेळ मांडतो तेव्हा विनोदाचा पत्ता बदलतो.

जावा बेटावर याहून गुंतागुंतीची गोष्ट घडली. तिथल्या छायाबाहुल्यांच्या खेळात, वायांगमध्ये, महाभारत आहे, पण त्या महाभारतात पांडवांबरोबर चार नोकर असतात जे व्यासांना ठाऊक नव्हते. म्हातारा सेमार आणि त्याची पोरं गारेंग, पेत्रुक, बागोंग. सेमार ढेरपोट्या, बाईसारखी छाती, डोक्यावर लहान मुलासारखी शेंडी, आणि शस्त्र म्हणावं तर पादणं. अर्जुन दरबारी वळणाच्या जावानीत बोलतो, हे चौघे गावच्या बोलीत. रात्रभर चालणाऱ्या खेळात मध्यरात्रीच्या सुमाराला ते येतात आणि मग पडद्यावर भाताचा भाव, गावचा मुखिया, कालचं भांडण, काहीही येऊ शकतं. गंमत म्हणजे हा सेमार मुळात देव आहे, बतारा गुरू म्हणजे आपल्या शंकराचा भाऊ. सगळ्यांत खालच्या पायरीवर बसलेला नोकर सगळ्यांत मोठा, आणि हे पांडवांनाही माहीत. बहुसंख्य मुसलमान असलेल्या जावानी प्रेक्षकाने त्याला शतकानुशतकं आपला मानलं. याहून पक्का खालून आलेला परवाना कोणता असेल?

आणि नेमका तोच परवाना सत्तेने उचलला. ११ मार्च १९६६ ला सुकार्नोंनी सुहार्तोंना अधिकार देणाऱ्या आदेशपत्रावर सही केली. 'सुरात पेरिंताह सेबेलास मारेत', म्हणजे अकरा मार्चचं आदेशपत्र, याचं लघुरूप केलं गेलं 'सुपरसेमार'. ज्या कागदाने लष्करशहाला तीन दशकांची सत्ता मिळाली त्या कागदाला गरिबांच्या विदूषकाचं नाव. पुढे खेळ करणाऱ्या डलांगांच्या तोंडून पंचवार्षिक योजना आणि कुटुंबनियोजन बोलू लागलं, आणि ते बोलायला सगळ्यांत सोयीची पात्रं अर्थातच हे चौघे. योजना वाईट होत्या असं मी म्हणत नाही, कुटुंबनियोजन तर मला पटतंच. पण मध्यरात्री जी जागा लोकांनी राजाच्या कानावर न जाणाऱ्या गोष्टींसाठी राखली होती ती राजाने भाड्याने घेतली.

जावानी परंपरेलाही हा धोका माहीत होता बहुधा. तिथल्या एका कथेत पेत्रुकच्या हाती युधिष्ठिराचा दैवी दस्तऐवज लागतो आणि तो राजा होऊन बसतो. देव, राजे, कोणालाच तो आवरत नाही. शेवटी त्याला ताळ्यावर आणतात ती त्याच्याच घरची माणसं. विदूषक सिंहासनावर बसला की विदूषक उरत नाही, हे आजच्या जगातही पडताळता येतं. फ्रान्समधला विनोदी नट कोल्यूश १९८० मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, चाचण्यांत त्याला १६ टक्क्यांच्या आसपास पसंती मिळाली, सगळे पक्ष गडबडले, आणि १९८१ च्या वसंतात त्याने माघार घेतली. ब्राझीलचा तिरिरिका नावाचा सर्कशीतला विदूषक २०१० मध्ये तेरा लाखांहून जास्त मतं घेऊन संसदेत गेला. प्रचार 'याहून वाईट काय होणार' असा. गेला आणि खासदार झाला, बाकीच्यांसारखा. कोल्यूशचं नाव फ्रान्समध्ये राहिलं ते निवडणुकीमुळे नव्हे. १९८५ मध्ये त्याने भुकेल्यांसाठी मोफत जेवणाची केंद्रं सुरू केली, ती आजही दर हिवाळ्यात चालतात, आणि अशा देणग्यांना करसवलत देणारा कायदाही पुढे त्याच्याच नावाने ओळखला गेला.

आता माणसाच्या आतल्या बदलाबद्दल. इथे मी विदूषकाच्या बाजूने ठाम आहे, आणि कारण पुन्हा परवान्याचंच आहे. उत्तर अमेरिकेतल्या लकोटा लोकांत हेयोका असतो. ज्याला मेघगर्जनेच्या शक्तींचं स्वप्न पडलं त्याला सगळं उलटं करावंच लागतं: कडाक्याच्या थंडीत उकडतंय म्हणून कुरकुरायचं, घोड्यावर उलटं बसायचं, चारचौघांत हसं करून घ्यायचं. ही निवड नसते. स्वप्न लपवलं तर वीज पडेल ही भीती असते. म्हणजे ज्याला सगळ्यांत मोठं दर्शन घडलं त्यानेच सगळ्यांत आधी स्वतःची प्रतिष्ठा उतरवून ठेवायची. अध्यात्माचा गर्व जिरवण्याची इतकी नेटकी व्यवस्था आमच्या मठ-आखाड्यांत असती तर किती बरं झालं असतं. अमेरिकी सरकारने १८८३ पासून अशा विधींवर बंदीचे नियम लादले. त्यांना त्यात रानटीपणा दिसला.

रुग्णालयातला विदूषक हे याचंच आधुनिक रूप. १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या बिग ॲपल सर्कशीतल्या मायकेल क्रिस्टेनसन याने मुलांच्या रुग्णालयात विदूषकांची फेरी सुरू केली आणि आता अनेक देशांत ते होतं. आपल्याकडे याची बातमी आली की फोटोत लाल नाक आणि फुगे दिसतात आणि माणसं 'किती गोड' म्हणून पुढे जातात. त्यातलं मर्म वेगळंच आहे. चांगला रुग्णालय-विदूषक दारात थांबतो आणि मुलाला विचारतो, येऊ का? मूल 'नको' म्हणालं तर तो जातो. विचार करा, त्या खोलीत दिवसभरात किती माणसं येतात: सुई टोचणारे, तपासणारे, कूस बदलवणारे, पोटात काय गेलं विचारणारे. त्यांतल्या एकालाही ते मूल 'नको' म्हणू शकत नाही. विदूषकाला म्हणू शकतं. आणि आत आल्यावरही तो दाराला धडकतो, बुटात अडखळतो, स्टेथोस्कोप स्वतःच्याच गुडघ्याला लावतो, म्हणजे खोलीत आता मुलापेक्षा अडाणी कोणीतरी आहे. मूल त्याला शिकवू लागतं. हातात काहीच न उरलेल्या जिवाच्या हातात काहीतरी येतं.

२००५ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या डॉक्टरांनी लहान शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ४० मुलांवर अभ्यास केला. निम्म्या मुलांबरोबर भूल देताना पालक आणि विदूषक होते, निम्म्यांबरोबर फक्त पालक. विदूषक असलेल्या मुलांची घाबरगुंडी स्पष्टपणे कमी झाली. मुलांना फायदा होतो हे कर्मचाऱ्यांनीही मान्य केलं. आणि तरी बहुतेकांनी कार्यक्रम पुढे चालू ठेवायला विरोध केला, कारण शस्त्रक्रियागृहाच्या कामात अडथळा येतो. मला हा निष्कर्ष पहिल्या निष्कर्षापेक्षा महत्त्वाचा वाटतो. विदूषक खरोखर काम करू लागला की व्यवस्थेला तो अडचणच वाटणार. ज्याचा कोणालाच अडथळा होत नाही तो सजावटीतलाच विदूषक.

माझ्या म्हणण्याला छेद देणारं एक उदाहरण आहे आणि ते टाळून पुढे जाता येणार नाही: कोलंबियाची राजधानी बोगोता. १९९५ मध्ये महापौर झालेले अंतानास मॉकुस हे गणित-तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी चौकांत मूकाभिनय करणारे कलावंत उभे केले, आधी वीस, मग चारशेच्या घरात. झेब्रा पट्ट्यावर गाडी आणणाऱ्याची ते नक्कल करायचे, धावत रस्ता ओलांडणाऱ्याच्या मागे तसंच धावायचे. सारा रस्ता हसायचा, आणि माणूस गाडी मागे घ्यायचा. पुढच्या दशकभरात शहरातले अपघाती मृत्यू वर्षाला सुमारे १,३०० वरून ६०० च्या आसपास आले. सगळं श्रेय या कलावंतांना देणं भाबडेपणाचं ठरेल. दारूच्या दुकानांच्या वेळा बदलल्या गेल्या, भ्रष्ट वाहतूक पोलीस दल मोडीत काढलं गेलं, पादचारी मेले तिथे रस्त्यावर तारे रंगवले गेले. तरी ही विदूषकगिरी सरकारी होती आणि चालली, हे खरं.

का चालली? त्या कलावंताच्या हातात पावतीपुस्तक नव्हतं. त्याला पगार महापौर देत असेल, पण चौकातली ताकद त्याला हसणारे लोक देत होते. ते हसले नसते तर तो रंगवलेल्या तोंडाचा एक बेकार माणूस ठरला असता. आणि मॉकुस स्वतः हास्यास्पद व्हायला तयार होते. घट्ट कपडे घालून 'महानागरिक' बनून ते फिरायचे, लग्नही सर्कशीत केलं. आपल्याकडे चौकात यमाच्या वेशात नट उभा करून हेल्मेट घाला सांगतात. शेजारी वाहतूक पोलीस पावती फाडत उभा असतो आणि दहा मिनिटांनी एखाद्या पुढाऱ्याची गाडी सिग्नल तोडून जाते. यम तिकडे बघत नाही. बोगोतात जे चाललं ते इथे का चालत नाही याचं उत्तर त्या यमाच्या नजरेत आहे.

तर मग आपल्या सोंगाड्याकडे येऊ. तमाशातल्या बतावणीत, म्हणजे आयत्या वेळच्या विनोदी संवादात, सरदार आणि सोंगाड्या समोरासमोर येतात आणि सोंगाड्या सरदाराच्या प्रत्येक शब्दाची वाट लावतो. गवळणीतली मावशी साक्षात कृष्णाला फैलावर घेते. खेळणारे बहुतेक महार, मांग, कोल्हाटी. पाहणारा गावचा पाटील पुढच्या रांगेत. पाटील हसायचा आणि दौलतजादा करायचा आणि सकाळी फड गावकुसाबाहेर पाल उतरवायचा. रात्रीच्या हशाने सकाळचं काही बदलत नव्हतं. बाबासाहेबांना हे दिसत होतं. १९२७ मध्ये पठ्ठे बापूरावांनी खेळाचं उत्पन्न महाडच्या लढ्याला देऊ केलं तेव्हा त्यांनी ते नाकारलं. पण सत्यशोधकांनी आणि नंतर भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसे उभे केले, त्यांचं त्यांनी स्वागत केलं. जलसेवाल्यांनी तमाशाचाच साचा घेतला, नाचणारी बाई काढली, गवळण काढली किंवा पार बदलली, पण प्रश्न विचारणारा, टोपी उडवणारा विनोदी गडी ठेवला. आता तो पाटलाच्या बिदागीवर नव्हता. तो वस्तीत, वस्तीच्या खर्चाने, वस्तीतल्याच लोकांना विचारत होता की मेलेलं ढोर तुम्हीच का ओढायचं, आणि पोर शाळेत का नाही. लोक स्वतःच्याच लाचारीला हसले. गावच्या यात्रेतल्या हसण्यापेक्षा ते हसणं वेगळ्या जातीचं होतं, आणि त्यातून माणसांनी कामं सोडली, रूढी सोडल्या.

स्वातंत्र्यानंतर सरकारने सोंगाड्याला परवाना अक्षरशः कागदावर दिला. मुंबई प्रांतातल्या खेर मंत्रिमंडळाच्या काळात अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी आली, कलावंतांनी दाद मागितल्यावर ती उठली, पण संहिता आधी तपासून घ्यायची अट मागे राहिली. आज तेच काम रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ करतं. नाटक लिहिलेलं असतं, ते तपासता तरी येतं. बतावणी कशी तपासणार? ती त्या गावात, त्या रात्री, समोरच्या सरपंचाचा चेहरा बघून सुचते. नियम काटेकोर पाळला तर सोंगाड्याने तोंडच उघडू नये, आणि पाळला नाही तर कोणीही दुखावलेला पुढारी 'हे मंजूर संहितेत नव्हतं' म्हणून खेळ बंद पाडू शकतो. दरवेळी असं होत नाही, हे मान्य. पण तसं होऊ शकतं एवढं पुरतं. फडमालक कर्ज काढून ट्रक रस्त्यावर आणतो, तो सोंगाड्याला आधीच सांगतो, बाबा, राजकारण नको. अमोल पालेकर यांनी या पूर्वतपासणीला २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं तेव्हा चर्चा झाली ती शहरी नाटकांची. नारायणगावच्या राहुट्यांत सुपारी ठरवणाऱ्या फडांचा विचार त्या चर्चेत फारसा कोणी केला नाही.

दुसऱ्या बाजूने सरकार याच कलावंतांना कलापथक म्हणून योजनांच्या प्रचाराला बोलावतं. पैसे वेळेवर मिळाले तर त्यांना ते हवेच असतात, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. माझा आक्षेप मागणाऱ्याच्या मागणीला आहे. शौचालयाच्या योजनेवर सोंगाड्याने बोलावं हे ठीक, पण शौचालयाचं अनुदान कोणी खाल्लं यावर त्याने बोललेलं चालेल का? चालणार नसेल तर सोंगाड्या कशाला, भोंगा लावलेली रिक्षा स्वस्त पडते.

पूर्वतपासणी काढून टाका म्हटलं की एक प्रश्न येतो आणि तो खोटा नाही: सोंगाड्याने बायकांवर, जातींवर, काळ्या-लुळ्या-पांगळ्यांवर आजवर काय कमी घाणेरडे विनोद केले? केले, भरपूर केले, मावशीच्या तोंडून सगळ्यांत जास्त. आणि हे सगळं पूर्वतपासणी चालू असतानाच होत राहिलं. मंडळाच्या कात्रीला दुबळ्यांचा अपमान कधी फारसा टोचला नाही. तिला टोचतात ती पुढाऱ्यांची नावं, देवांची नावं आणि शिव्या. एखाद्या समाजाची बदनामी झाली तर त्यासाठी नंतर कारवाई करणारे कायदे आहेतच, ते सोंगाड्याला लागू असावेत, जसे भाषण करणाऱ्या पुढाऱ्याला लागू आहेत. पुढाऱ्याला मात्र भाषणाची संहिता कुठल्याच मंडळाकडे आधी पाठवावी लागत नाही. निदान बतावणीपुरती तरी ही सवलत सोंगाड्याला मिळावी, आणि त्याच्या परवान्याचं काय करायचं ते कनातीत तिकीट काढून बसलेल्या, आवडलं नाही तर उठून जाणाऱ्या, आता निम्म्याहून जास्त बायका असायला हव्यात अशा प्रेक्षकावर सोडावं.